मोबाईलमधली काळी माती

आपण गटाचा हिशेब आता मोबाईलवर ठेवतो. त्यात टँटलम नावाचा धातू कणभर असतो. तो कोल्टन या काळ्या खनिजातून निघतो. आफ्रिकेत, काँगोच्या पूर्वेकडच्या किवू भागात, माणसं ते फावड्याने खणून पाण्यात धुतात.

१९९८ साली तिथे युद्ध पेटलं. २००० मध्ये कोल्टनचा भाव भडकला. खाणी बळकावलेल्या टोळ्यांनी त्या पैशातून बंदुका घेतल्या. गावं उठली, बायकांवर अत्याचार झाले. बुकावूत अशा हजारो जणींवर उपचार करणाऱ्या डॉ. डेनिस मुकवेगे यांना २०१८ साली शांततेचं नोबेल मिळालं.

कंपन्यांनी अशा खनिजाचं मूळ शोधून जाहीर करावं, असा कायदा अमेरिकेने २०१० मध्ये केला. तरी लढाई थांबलेली नाही.

गटात आपण पै न् पै कुठून आली ते विचारतो. मग मोबाईलचं का विचारू नये? आणि चालतोय तोवर जुनाच वापरू.