गावरानी कापूस आणि त्यातली भेसळ

मनमाड ते सिकंदराबाद हा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि लासूर स्टेशनसारख्या स्थानकांमुळे निजामी मुलखातला कापूस मुंबईच्या बाजाराशी जोडला गेला. या मुलखाची ख्याती गावरानी कापसाची होती. गॉसिपियम आर्बोरियम या देशी जातीचा हा प्रकार, वऱ्हाडातल्या ‘बणी’चा जवळचा नातलग, त्याचा धागा देशी कापसात लांब व मऊ, परंतु रुईचा उतारा, म्हणजे सरकी काढल्यावर हाती येणाऱ्या रुईचे प्रमाण, कमी. खानदेश-वऱ्हाडात पसरलेला पांढऱ्या फुलांचा ‘रोझियम’ मात्र धाग्याला भरड असूनही उताऱ्याला भरघोस होता, आणि बियाणे बहुधा जिनातल्या सरकीतूनच येत असल्याने दोन्ही प्रकार शेतात एकमेकांत मिसळत गेले.

परभणी येथे १९१८ मध्ये प्रायोगिक शेत सुरू झाले. पुढे एकेका निवडक झाडाची संतती वेगळी वाढवून गावरानी ६, १२, २२, ४६ असे वाण मराठवाड्यात आले. त्यामुळे धाग्याची प्रत टिकली; तथापि शुद्ध वाण म्हणजे मर्यादित वंश, आणि व्यापाऱ्याने जिला भेसळ म्हटले तिच्यातच पुढच्या पैदासकाराचे भांडवल दडलेले होते, हे फार उशिरा ध्यानात आले. देशी कापसाच्या पानांवर दह्यासारखे पांढरट ठिपके पाडणाऱ्या दहिया रोगाला दाद न देणारी झाडे जुन्या नमुन्यांच्या संग्रहातूनच शोधून काढावी लागली.

१९४७ मध्ये देशातील कापसाखालच्या क्षेत्रापैकी सुमारे ९७ टक्के क्षेत्र देशी जातींचे होते. १९७० च्या संकरित-४ नंतर आणि विशेषतः २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर अमेरिकन जातीने ते व्यापले. जुने नमुने आता नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी शीतगृहात असतात; पण बियांची उगवणशक्ती ओसरत असल्याने ते काही वर्षांनी पेरावेच लागतात, आणि मधमाश्यांनी परका पराग आणू नये म्हणून कळी उमलण्याआधी दोऱ्याने बांधली जाते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला पीए-२५५ हा लांब धाग्याचा देशी वाण अशा साठ्याविना शक्य नव्हता. त्याची सरकी शेतकऱ्याला घरी राखून पुन्हा पेरता येते; संकरित बियाणे दरसाल विकणाऱ्या कंपन्यांना अशा वाणात रस नसावा, यात नवल नाही.