तळेगाव दाभाडे : आधी रुग्णालय, मग महाविद्यालय

१९९५ साली मावळातील तळेगाव दाभाडे येथे एमबीबीएसचे वर्ग सुरू झाले. संस्थेचे नाव लांबलचक : महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल एज्युकेशन अँड रिसर्च. भातखाचरांच्या या मुलखात वैद्यकीय महाविद्यालय आले, त्यामागे एक जुने रुग्णालय होते आणि एक नवे धोरण.

रुग्णालयाचे महत्त्व अधिक. इमारत वर्षा-दोन वर्षांत उभी राहते; खाटांवर रोज रुग्ण यावेत, यासाठी लोकांचा विश्वास लागतो. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज जमशेटजी जीजीभॉय रुग्णालयाला लागूनच सुरू झाले. (ज्यांचे नाव त्याला मिळाले ते गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट १८३८ मध्येच, पुण्याजवळ दापोडीस निवर्तले होते.) भाऊ दाजी लाड तेथल्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी. पुण्यात ससूनच्या आश्रयाने १८७८ साली बी. जे. मेडिकल स्कूल निघाले. त्याचे महाविद्यालय होण्यास १९४६ उजाडले. विद्यार्थिसंख्येची वाढ अशी संथ होती, कारण खर्च सरकारचा होता.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले, आणि चित्र पालटले. पाठोपाठ लोणी, कराड येथे खासगी वैद्यकीय महाविद्यालये आली. तळेगावी आलेली संस्थाही मूळची अभियांत्रिकीतलीच. तिला येथे तळेगाव जनरल हॉस्पिटल अँड कन्व्हॅलेसंट होम मिळाले. आजारातून उठलेल्यांनी हवापालटासाठी राहावे, हा त्या नावातला अर्थ. भाऊसाहेब सरदेसाई यांचे नाव आजही रुग्णालयाला आहे.

मात्र खर्च आता विद्यार्थ्याच्या घरावर पडला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने खासगी महाविद्यालयांतील निम्म्या जागा गुणवत्तेवर, सरकारी दराने देण्याचे बंधन घातले होते. तळेगावचे महाविद्यालय त्याच व्यवस्थेत जन्मले. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ती योजना रद्द केली. गरीब घरच्या हुशार मुलासाठी हा तोटा मोठाच होता.

२०१४ साली देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये आणि सुमारे ५१ हजार एमबीबीएस जागा होत्या. २०२३ पर्यंत महाविद्यालये सातशेवर, जागा लाखावर गेल्या. जागांना मान्यता देताना आजही रुग्णालयातील खाटा मोजल्या जातात. तळेगावात त्या खाटांवर येतो तो आसपासच्या खेड्यांतला रुग्ण. नाडी, यकृत, छातीतला आवाज विद्यार्थी त्याच्याच देहावर शिकतात. पदवीनंतर त्यांपैकी किती जण मावळात थांबतात, हे मात्र मान्यतेच्या कुठल्याच रकान्यात विचारले जात नाही.