शवासन, रक्तदाब आणि हृदय

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा पुढे गुजरातेत मालसर गावाजवळून जाते. मालसरच्या माधवदास महाराजांकडे योगाभ्यास केलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, काही काळ खानदेशातील अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. योगाचे परिणाम उपकरणांनी मोजून पाहावेत, हा त्यांचा आग्रह. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. आसने करताना रक्तदाबात होणाऱ्या बदलांची मोजमापे १९२६ सालीच त्यात प्रसिद्ध झाली.

या परंपरेतील हृदयाच्या दृष्टीने महत्त्वाचे काम पुढे मुंबईत झाले. केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकविले. कैवल्यधामचे डॉ. विनेकर हेही त्यात होते. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, औषधे न घेणाऱ्या १० रुग्णांचा मध्यम रक्तदाब सरासरी १३४ वरून १०७ मिलिमीटरवर आला. औषधांनी रक्तदाब आटोक्यात असलेल्या २२ जणांपैकी १३ जणांची औषधाची मात्रा सुमारे एक तृतीयांशावर आली. औषधे घेऊनही ज्यांचा रक्तदाब चढाच राहत असे, त्यांच्यात मात्र लाभ होणाऱ्यांचे प्रमाण कमी होते. तुलनेसाठी शवासन न करणारा गट या अभ्यासात नव्हता, ही त्याची उणीव मानावी लागेल.

हे शवासन म्हणजे नुसते पडून राहणे नव्हे. उताणे निजून पोटाने संथ श्वास घ्यावयाचा. श्वास घेतल्यावर अल्प आणि सोडल्यावर थोडा अधिक विराम द्यावयाचा. आत येणाऱ्या हवेचा गारवा आणि बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब नाकपुड्यांशी जाणवेल तिकडे लक्ष ठेवावयाचे. असे रोज अर्धा तास. ते नीट जमण्यास बहुतेकांना सुमारे तीन आठवडे लागतात.

श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. उच्छ्वास लांबला की हृदयाला विसावा देणाऱ्या मज्जातंतूंचा प्रभाव वाढतो, रक्तवाहिन्यांवरील ताण सैलावतो.

तथापि योगाने हृदयविकार बरा होतो, असे सरसकट म्हणणे धाडसाचे ठरेल. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ भारतीय रुग्णांवर २४ रुग्णालयांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. योगवर्गातील रुग्ण पूर्वीच्या कामाकडे अधिक चांगल्या रीतीने परतले, त्यांना प्रकृतीही अधिक बरी वाटू लागली. परंतु मृत्यू वा पुन्हा झटका येण्याच्या प्रमाणात निर्णायक फरक आढळला नाही. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार चालूच होते, हे ध्यानात ठेवावयास हवे.

धडगाव, अक्कलकुवा तालुक्यांतील विखुरलेल्या पाड्यांवरून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा घाटरस्ता लांबचा आहे. सतरंजीखेरीज काही न लागणारा हा उपाय तेथे निश्चितच मोलाचा. मात्र उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. बरे वाटते म्हणून गोळ्या बंद करणारा रुग्ण पक्षाघाताला निमंत्रण देतो. आरोग्य उपकेंद्रात रक्तदाब वेळोवेळी मोजून घ्यावा, मात्रा कमी करावयाची ती डॉक्टरांनीच. रक्तदाब चढा असताना शीर्षासन, तसेच श्वास दीर्घकाळ कोंडणारे कुंभक टाळावेत.

या जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. शरीरातील पाणी व प्राणवायू कमी पडल्यास त्यांच्या वेदना उफाळतात; म्हणून त्यांनीही कुंभक व दमछाक करणारा अभ्यास टाळून पुरेसे पाणी प्यावे. आणि छातीत दाटून येऊन वेदना डाव्या हाताकडे वा जबड्याकडे सरकू लागली, दरदरून घाम फुटला, तर कोणीही शवासनात पडून वाट पाहू नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.