अजून किती किलोमीटर?

सोलापूरपर्यंत आगगाडी आली ती १८६० साली. वाफेच्या इंजिनाला कोळशाच्या आधी पाणी कमी पडे, म्हणून वाटेतल्या ठरावीक स्थानकांवर पाणी भरण्याची सोय असे. उरलेल्या पाण्यात गाडी कुठवर जाईल, हा प्रश्न मार्ग आखणाऱ्यांनीच सोडवून ठेवलेला होता. पुढे मोटार आली आणि तोच प्रश्न चालवणाऱ्याच्या गळ्यात पडला. आजच्या मोटारीत त्याचे उत्तर समोर आकड्यांत लिहून येते : १६० किलोमीटर. हा आकडा कितपत खरा मानायचा?

यात मुळात दोन प्रश्न आहेत. टाकीत इंधन किती आहे, हा पहिला. तेवढ्यात किती अंतर जाता येईल, हा दुसरा. कित्येक वर्षे मोटारी पहिल्याच प्रश्नापाशी थांबल्या होत्या. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'ची टाकी पुढच्या बैठकीखाली असे. बैठक उचलायची, टाकीत पट्टी बुडवायची आणि ती कुठवर ओली झाली ते पाहायचे! आपल्याकडच्या स्कूटरने त्याहून सोपी युक्ती वापरली. आकुर्डीत तयार होणारी बजाज चेतक १९७२ साली बाजारात आली. तिच्यासारख्या स्कूटरच्या टाकीत पेट्रोल बाहेर पडायला दोन तोंडे असत, एक उंच नळीचे आणि एक तळाशी. पातळी नळीच्या तोंडाखाली गेली की इंजिन गुदमरे. मग चावी 'रिझर्व्ह'वर फिरवायची. या उपकरणाला वीज लागत नसे आणि आकडाही नसे. नळीची उंची ठरलेली असल्यामुळे मागे उरलेले पेट्रोल दर वेळी जवळपास तेवढेच असे. आता ते किती पुरेल, याचा हिशेब चालवणाऱ्याच्या डोक्यात होई. वर्गात दोन भोके पाडलेली प्लास्टिकची बाटली घेऊन हे पाच मिनिटांत दाखवता येते.

मोटारीतल्या काट्यामागे एक तरंगता गोळा असतो. त्याचा दांडा वरखाली झाला की विद्युतरोध बदलतो आणि काटा सरकतो. गोळा मोजतो ती पातळी. आपल्याला हवे असते घनफळ. टाकी मात्र आसनाखाली, धुराड्याच्या नळीला वळसा घालून, जिथे जागा मिळेल तिथे बसवलेली, म्हणून वेडीवाकडी. त्यामुळे पातळी निम्मी झाली म्हणजे पेट्रोल निम्मे झाले, असे नाही. शिवाय वळणावर पेट्रोल हिंदकळते. ते लपवण्यासाठी काटा मुद्दाम संथ ठेवावा लागतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यंत्राकडून घेण्याची सोय अमेरिकेत १९७८ सालच्या लिंकन गाड्यांत जादा पैसे भरून मिळू लागली. टाकी रिकामी होईपर्यंतचे मैल चकाकत्या आकड्यांत दिसत. पुढे इंजेक्शनची इंजिने रूढ झाली. त्यांत प्रत्येक थेंबाचा हिशेब संगणकच ठेवतो, त्यामुळे हे काम आणखी सोपे झाले. सूत्र चौथीच्या मुलालाही यावे असे आहे : उरलेले लिटर गुणिले दर लिटरला पडणारे किलोमीटर. गोम दुसऱ्या संख्येत आहे. ती घेतली जाते मागच्या प्रवासातून आणि लावली जाते पुढच्या प्रवासाला.

सोलापूरहून तुळजापूरला जाताना हे छान दिसते. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. बराच रस्ता सरळ, मग बालाघाटच्या कडेचा घाट. समजा, घाटाच्या पायथ्याशी १० लिटर उरले आहेत आणि सरासरी १६ आहे. आकडा दिसेल १६०. पुढच्या ५ किलोमीटरमध्ये माणसांसह १,२०० किलोची गाडी १०० मीटर वर चढली, तर त्यासाठी १२ लाख जूल लागतील. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२० लाख जूल असतात. इंजिन त्यातले पाव भाग कामी लावते असे धरले, तर चढाचा खर्च निघतो अवघा ०.१५ लिटर, म्हणजे अडीच किलोमीटरांचे पेट्रोल. वर पोचल्यावर साडेनऊ लिटर उरलेले असतील. सपाटीच्या हिशेबाने अजून १५२ किलोमीटर जाता यावे. परंतु संगणकाने अलीकडची सरासरी घेतली आणि ती चढामुळे १३ वर आली, तर तो दाखवील १२४. पाच किलोमीटर चाललो आणि छत्तीस गमावले! परतीच्या उतारावर पाय काढला की इंजिन पेट्रोल घेणेच थांबवते, सरासरी वाढते आणि गाडी चालत असताना आकडा चढू लागतो. दोन्ही वेळा यंत्राचा गुणाकार बरोबरच असतो. पुढे घाट आहे की उतार, हे मात्र त्या सूत्रात कुठेच नाही.

सोलापूरचा उन्हाळा यात आणखी भर घालतो. पेट्रोल दर अंशाला जवळपास हजारात एक भाग प्रसरण पावते. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून घेतलेले गार ४० लिटर उन्हात १० अंशांनी तापले, तर ०.४ लिटरने फुगतात. गोळा वर येतो आणि न भरलेले सहा किलोमीटर खात्यात जमा होतात. वातानुकूलन चालू ठेवून गाडी उभी केली, तर याच्या उलट होते, अंतर शून्य आणि खर्च चालूच.

खरी अडचण टाकी तळाला गेल्यावर येते. गोळ्याच्या मोजणीत एक लिटरची चूक धरा. ४० लिटर असताना ती अडीच टक्के आहे. तीनच लिटर उरले असताना तीच चूक तेहेतीस टक्के होते. म्हणजे आकड्याची गरज सर्वांत जास्त असते, तेव्हाच तो सर्वांत कच्चा असतो. हे कारखानदारांना ठाऊक आहे, म्हणून शून्य दाखवल्यावरही टाकीत थोडे इंधन राहील अशी योजना असते. ते किती, हे गाडीगणिक वेगळे. 'शून्यानंतरही गाडी जाते' हे कळलेला माणूस त्या शिलकीवर विसंबू लागतो, हा माझ्या मते आकड्याच्या चुकीपेक्षा मोठा धोका आहे. इंजेक्शनच्या गाडीतला पंप टाकीतच बसवलेला असतो आणि तिथल्याच पेट्रोलने थंड राहतो. तो कोरडा पडला तर तापतो. डिझेल गाडीची टाकी संपली की नळ्यांत हवा शिरते. मग नुसते डिझेल ओतून भागत नाही, आधी एअर काढावी लागते. हे रात्री महामार्गाच्या कडेला करावे लागले, तर मागून येणाऱ्या ट्रकांचेही भय असते.

कित्येक गाड्यांत शेवटच्या टप्प्यात आकडा नाहीसा होतो आणि जागेवर नुसत्या आडव्या रेघा उमटतात. सोबत पिवळा दिवा लागलेला असतो. तो ठरावीक पातळीला लागतो, स्कूटरच्या उंच नळीसारखा.