कुंभाराचें अलिखित गणित

भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठीं असलेल्या पवनी येथें सांपडलेल्या स्तंभलेखामुळें महाक्षत्रपकुमार रूपिअम्म याचें नांव इतिहासांत टिकलें. १९६९-७० च्या उत्खननांत तेथेंच बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले, आणि काळ्या-तांबड्या भांड्यांचीं खापरेंहि मिळालीं. तीं भांडीं घडविणाऱ्यांचें नांव मात्र कोठेंच कोरलेलें नाहीं. त्यांच्या विद्येची साक्ष काय ती त्या खापरांतच आहे.

चाकावरून उतरलेलें ओलें भांडें वाळूं लागलें म्हणजे पाणी उडून जातें, मातीचे कण जवळ सरकतात आणि भांडें आटतें. समजा, प्रत्येक बाजू एकदशांशानें घटली. तर आंतील जागा शंभरांतून त्र्याहत्तरच उरते. म्हणजे शेरभर धान्याचें माप हवें असल्यास ओलें भांडें जवळजवळ एक शेर सहा छटाकांचें घडवावें लागतें. माती फार चिकट असल्यास तींत राख, वाळू किंवा लीद मिसळून हें आटणें आवरावें लागतें. नाहींतर भांडें तडकतें.

हें घनफळाचें गणित आम्ही विद्यार्थ्यांस फळ्यावर शिकवितों. कुंभार तें बोटांनीं करीत आला. राजकुमाराचें नांव दगडानें राखलें; कुंभाराचें शास्त्र बापाच्या हातून मुलाच्या हातीं येत राहिलें. ती परंपरा खुंटली, तर तें शास्त्र सांगणारा शिलालेख कोणत्याहि उत्खननांत निघणार नाहीं.