सरकारी कोठार आणि रयतेचें दार

सरकारासाठीं माल खरेदी करणाऱ्या कामदाराच्या हातीं दोन गोष्टी एकदम येतात: दुसऱ्याचा पैसा आणि राज्याची सत्ता. पैशामुळें लांच सुचतो, सत्तेमुळें जुलूम सुचतो. लांचाची चर्चा पुष्कळ होते. जुलमाकडे लक्ष कमी जातें. मराठी राज्यांतील जुने कागद पाहिले म्हणजे या दुसऱ्या दोषाची जाणीव त्या काळीं किती तीव्र होती हें दिसतें.

सातारचा किल्ला १६७३ सालीं शिवछत्रपतींच्या हातीं आला. वाळव्याकडील मच्छिंद्रगड व खानापुराकडील भूपाळगड हेहि त्याच राज्याचे किल्ले. १९४९ सालीं दक्षिण सातारा म्हणून वेगळ्या झालेल्या व १९६० पासून सांगली हें नांव धारण करणाऱ्या जिल्ह्यांत ते आज मोडतात. गडांच्या कारभाराची पद्धत सभासदाच्या बखरींत वर्णिली आहे. हवालदार, सरनोबत व सबनीस हे तिघे सारख्या दर्जाचे. धान्य व सामान यांचा जमाखर्च कारखाननिसाकडे. कोठाराची किल्ली आणि कोठाराचा हिशेब एकाच माणसाच्या मर्जीवर राहूं नये, हा त्यांतील हेतु उघड आहे.

परंतु हिशेब चोख असला म्हणजे सर्व साधलें असें नव्हे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडील घोडदळाच्या अंमलदारांस महाराजांनीं लिहविलेलें पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व वैरण जपून पुरवावी, अशी त्यांत ताकीद आहे. आज मनास येईल तसें उधळलें, तर पुढें सांठा संपेल. मग शिपाई कुणब्याच्या घरांतून धान्य, गवत, लांकूडफाटा, भाजी ओढून आणूं लागतील, आणि त्या रयतेस मोंगल बरे वाटूं लागतील. पगार खजिन्यांतून मिळतो. ज्यास जें हवें तें त्यानें बाजारांतून विकत घ्यावें. कोठारांतील उधळपट्टीच पुढें रयतेच्या दारांतील जुलूम होते, हें मर्म या पत्रांत आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, म्हणजे १७१५ च्या सुमारास, हाच विचार आणखी पुढें गेलेला दिसतो. आरमारास लांकूड हवें. सागवानादि झाडें राज्यांतील रानांतून परवानगीनें तोडावीं; अधिक लागल्यास परमुलुखांतून विकत आणावीं. आंबा व फणस उपयोगी खरे, पण त्यांस हात लावूं नये. कारण तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं पोटच्या पोरांसारखीं वाढविलेलीं असतात. एखादें झाड अगदीं जीर्ण झालेंच असेल, तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें.

येथें 'द्रव्य देऊन' या अटीइतकीच 'संतोषानें' ही अट महत्त्वाची. किंमत चुकती केली तरी ज्याला 'नाहीं' म्हणण्याची सोय नाहीं, त्याच्याशीं झालेला व्यवहार खरेदी नव्हे. आजच्या सरकारी खरेदींत निविदा आहेत, दरपत्रकें आहेत, लेखापरीक्षण आहे. तीं हवींतच. मात्र लेखापरीक्षक कागद तपासतो. लहान विक्रेत्यानें दर खुषीनें मान्य केला कीं भीतीनें, त्याचें बिल वेळेवर फिटलें कीं तो महिनोन् महिने हेलपाटे घालीत राहिला, हें खरेदी करणाऱ्या कामदारालाच ठाऊक असतें. आज्ञापत्रांतील ती एका झाडाची अट त्याच्याच विवेकासाठीं आहे.