सत्पात्र कोण?

दान सत्पात्री असावे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दिवाळीत दाराशी आलेल्याच्या हातावर फराळ ठेवताना कोणी त्याची पात्रता विचारीत नाही, हे खरे. परंतु दान मोठे असले की आपण चौकशी करू लागतो. एरवी मलाही ती रास्तच वाटते. मात्र अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातल्या एका धर्मादाय संस्थेचा इतिहास वाचल्यापासून 'सत्पात्र' हा शब्द उच्चारताना माझी जीभ थोडी अडखळते.

मूत्रपिंडे म्हणजे शरीरातली गाळणी. ती बंद पडली की रक्तात विष साचते आणि माणूस थोड्याच दिवसांत जातो. हे रक्त शरीराबाहेर शुद्ध करण्याचे यंत्र विलेम कॉल्फ या डॉक्टराने १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये, कॅम्पेन गावी बनविले. लाकडी पट्ट्यांचे फिरते पिंप, त्याभोवती गुंडाळलेली सेलोफेनची नळी आणि खाली क्षारयुक्त पाणी, एवढाच त्याचा थाट! पहिले रोगी जवळजवळ सारे दगावले. १९४५ मध्ये जी वाचली, ती ६७ वर्षांची एक बाई. नाझींना साथ दिल्याबद्दल तुरुंगात असलेली. गावाच्या दृष्टीने तिच्याइतके अपात्र दुसरे कोण असणार? कॉल्फने तो हिशेब केला नाही. त्याच्यापुढे रोगी होता, एवढे त्याला पुरे होते.

परंतु या उपचारासाठी दर खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. त्यामुळे ज्यांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली, त्यांना त्याचा उपयोग नव्हता. ही अडचण १९६० साली सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी सोडविली. रोग्याच्या हातात टेफ्लॉनची नळी कायमची बसवून ठेवण्याची युक्ती त्यांनी काढली. त्यांचा पहिला रोगी, क्लाइड शील्ड्स नावाचा यंत्रकामगार, त्यानंतर ११ वर्षे जगला.

मरण टळले आणि पंचाईत सुरू झाली. एका माणसाच्या उपचाराचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक! विद्यापीठाच्या रुग्णालयाला तो भार पेलवेना. तेव्हा स्थानिक डॉक्टरांच्या संघटनेने पुढाकार घेतला, देणग्या मिळविल्या आणि जानेवारी १९६२ मध्ये परिचारिकांच्या एका वसतिगृहाच्या तळघरात 'सिअ‍ॅटल कृत्रिम मूत्रपिंड केंद्र' उघडले. खाटा किती? तीन!

खाटा तीन आणि दाराशी उभे असलेले कितीतरी. डॉक्टरांनी आधी वैद्यकीय निवड करावी आणि उरलेल्यांतून सात नागरिकांच्या समितीने माणसे ठरवावीत, अशी व्यवस्था झाली. त्या सातांत एक वकील होता, एक धर्मोपदेशक, एक सावकारी पेढीवाला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक शल्यवैद्य. त्यांची नावे गुप्त होती आणि मोबदला काहीच नव्हता. रोग्याचे वय, लग्न, मुलेबाळे, मिळकत, शिक्षण, समाजातील वर्तन, सारे ते पाहात. नोव्हेंबर १९६२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात शाना अलेक्झांडर यांचा लेख आला आणि कोणी जगावे, कोणी मरावे हे सात सामान्य माणसे ठरवितात, हे साऱ्या देशाला कळले. आपल्यासारखी दिसणारी माणसेच समितीला लायक वाटतात, अशी टीका पुढे कायदेपंडितांनी केली.

मला त्या सातांचा राग येत नाही. ती दुष्ट माणसे नव्हती. आपल्या शेजारपाजारी भेटतात तशीच होती. त्यांच्या हाती दिलेली तागडीच माणसाने धरण्याजोगी नव्हती. दान तोकडे पडले की दात्याला न्यायाधीश व्हावे लागते, आणि त्या खुर्चीवर बसून कोणाचेही पुण्य वाढत नाही.

एका शाळकरी मुलीला वयामुळे नकार मिळाला. तिच्या वडिलांचे स्नेही, अभियांत्रिकीचे प्राध्यापक अल्बर्ट बॅब, यांनी सहकाऱ्यांसह काही महिन्यांत घरी वापरता येईल असे यंत्र तयार केले. १९६४ मध्ये ते तिच्या घरी गेले आणि तिने आपले शालेय शिक्षण पुरे केले. घरच्या उपचाराने खर्च उतरला आणि केंद्राला अधिक रोग्यांना हात देता आला. समितीशी वाद घालण्यापेक्षा बॅब यांनी जणू चौथी खाटच घडविली!

शेवटी ३० ऑक्टोबर १९७२ रोजी अमेरिकेत कायदा झाला आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या बहुतेक साऱ्यांच्या उपचाराचा भार सरकारी विम्याने उचलला. निवड करणाऱ्या समितीचे काम संपले. धर्मादाय केंद्र मात्र वेगळ्या नावाने चालू राहिले.

आपल्याकडेही २०१६ साली जिल्हा रुग्णालयांतून गरिबांसाठी मोफत डायलिसिसची राष्ट्रीय योजना सुरू झाली. तरीही मुंबई-पुण्याच्या धर्मादाय केंद्रांत हातावर पट्टी बांधून आपली पाळी पाहणारी माणसे आठवड्यातून दोन-तीनदा येतातच. वाचकहो, यंदा कोणी त्यांच्यासाठी वर्गणीची पावती घेऊन आले, तर घेणारा सत्पात्र आहे काय, हे जरूर विचारा. पण खाटा किती आणि माणसे किती, हे त्याच्याआधी विचारा.